‘नो सरप्राइझेस’च्या व्हिडिओतलं पाणी: तुम्ही अर्थ कसा लावता?

रात्रपाळी:
रेडिओहेड या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘नो सरप्राइझेस’ या गाण्याचा व्हिडिओ परवा पुन्हा समोर आला आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगते. सगळा व्हिडिओ म्हणजे बँडचा गायक थॉम यॉर्क याचा चेहरा, जवळून. डोक्यावर अंतराळवीरासारखं काचेचं शिरस्त्राण. काचेवर दिवे चमकतात, गाण्याच्या ओळींची प्रतिबिंबं सरकतात. मग खालून पाणी चढायला लागतं. तो मान वर करून गात राहतो आणि शेवटी अख्खा चेहरा पाण्याखाली जातो. बराच वेळ नुसता बघत राहतो. मग पाणी उतरतं, तो श्वास घेतो आणि गाणं पुढे सुरू.

मी कस्टमर सपोर्टला आहे. कानाला हेडसेट, समोर काय बोलायचं त्याची स्क्रिप्ट. पलीकडचा माणूस शिव्या देत असला तरी माझा आवाज गोडच राहिला पाहिजे. त्यामुळे मला ते पाणी म्हणजे नोकरी वाटलं. गाण्यातही हळूहळू जीव घेणाऱ्या नोकरीचा उल्लेख आहेच. पण एक गोष्ट उलगडत नाही. तो काचेवर हात का आपटत नाही? एवढा शांत कसा?

कातर:
पाणी म्हणजे नोकरी, इतका सरळ हिशेब मला पटत नाही. पाण्याआधी काचेकडे बघा. पाणी मध्येच येतं आणि जातं, काच मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत आहे. बाहेरचं जग त्याच्यापर्यंत पोचतं ते फक्त काचेवरच्या उजेडासारखं. शिवाय त्याचेच शब्द त्या काचेवरून सरकत जातात. हा माणूस मनातलं बोलतोय की लिहून आलेलं वाचतोय? समोर स्क्रिप्ट असणाऱ्या तुम्हाला हे मी वेगळं सांगायला नको. माणूस तुटतो तो इथे, पाणी चढायच्या कितीतरी आधी.

आता शांतपणाबद्दल. मी एडिटिंग करते, त्यामुळे माझं लक्ष आधी वेळेकडे जातं. यात कट नाही. एक जरी कट असता, नुसती खिडकी किंवा रस्ता दाखवला असता, तरी आपण सुटलो असतो. इथे त्याच्याबरोबर आपणही अडकतो आणि नकळत श्वास धरतो.

आणि ती शांतता खरी नाहीच. व्हिडिओ ग्रँट जी यांनी दिग्दर्शित केलाय. रेडिओहेडच्या ‘ओके कम्प्युटर’ (१९९७) या अल्बमनंतरच्या जगभरच्या दौऱ्यावर त्यांनीच ‘मीटिंग पीपल इज इझी’ (१९९८) हा माहितीपट केला. त्यात या शूटिंगचा तुकडा आहे, जरूर बघा. यॉर्कला तेवढा वेळ श्वास धरणं जमत नाही, टेक वाया जातात, तो हताश होतो. मग त्यावर उपाय केला तो असा: पाण्याखालचा भाग जास्त फ्रेम रेटवर, म्हणजे सेकंदाला नेहमीपेक्षा जास्त चित्रं टिपत, शूट करायचा आणि नेहमीच्या वेगाने चालवायचा. म्हणजे पडद्यावर जेवढा वेळ तो बुडालेला दिसतो, त्याहून प्रत्यक्षातला वेळ बराच कमी. आपल्याला जो धीर वाटतो ती संथ केलेली घबराट आहे! पापणी सावकाश लवते, बुडबुडे सावकाश वर जातात आणि बघणाऱ्याला वाटतं, किती निवांत आहे हा. मला तरी आजच्या एकटेपणाचं याहून नेमकं चित्र माहीत नाही. शेजारच्या टेबलावर बसून मान डोलावणारा माणूस आपल्याला असाच निवांत दिसतो, कारण त्याच्या आतला वेग आपल्याला दिसतच नाही.

हात आपटत नाही, कारण चौकटीत हातच नाहीत. फक्त डोकं ठेवलंय. हेही मला फार बोलकं वाटतं.

खोलपाणी:
कातर यांच्या मुद्द्यात थोडी भर. मी पोहायला शिकवतो, त्यामुळे हा व्हिडिओ मी वेगळ्या नजरेने बघतो. श्वास धरल्यावर जी तगमग होते ती मुख्यतः ऑक्सिजन संपल्यामुळे नसते. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि मेंदू ‘श्वास घे’ म्हणून ढोसायला लागतो. ऑक्सिजन शिल्लक असतानाच हा इशारा येतो. नवीन शिकणारा तिथेच घाबरून वर येतो.

आता ध्रुवपद आठवा. तो मागतोय काय? धोक्याच्या घंटा नकोत, अनपेक्षित काही नको. आणि शरीर मात्र तीच घंटा वाजवत बसलंय, कारण तेच तिचं काम आहे. पाणी उतरल्यावर तो जो श्वास ओढतो, तो अभिनय वाटत नाही. तोंडाने माणूस काहीही मागू दे, छातीने त्याचं ऐकलेलं नाही. म्हणून माझ्या मते हा व्हिडिओ निराश नाही.

रात्रपाळी:
घंटेचं हे डोक्यातच आलं नव्हतं. पण निराश नाही, हे पटायला जड जातंय. श्वास घेतल्यावर तो करतो काय, तर पुन्हा त्याच सुरात गायला लागतो. पाणीसुद्धा त्याने काढलेलं नाही, कुणीतरी बाहेरून सोडलं. शिफ्ट संपली की मलाही कुणीतरी लॉगआउट करतं, पण दुसऱ्या दिवशी हेडसेट तोच असतो.

कातर:
सूर तोच आहे, हे खरं. पण आता चित्र बंद करून नुसतं गाणं ऐका, हेडफोन लावून. शेवटी ध्रुवपद परत येतं तेव्हा मुख्य आवाज तेच म्हणतो, घंटा नकोत. त्याच्या मागे दुसरा एक आवाज आहे, तो ‘मला इथून बाहेर काढा’ म्हणत असतो. ते ग्लॉकेनस्पीलचे (धातूच्या पट्ट्यांवर वाजवायचं वाद्य) अंगाईसारखे नाजूक ठोके आणि पुढचा आवाज यांत तो सहज हरवतो. आता चित्र लावून तोच भाग बघा. पडद्यावरचे ओठ फक्त पुढचीच ओळ म्हणतात. मागच्या ओळीला चेहराच दिलेला नाही. व्हिडिओ आशादायक आहे की निराश, याचं उत्तर मी त्या मागच्या आवाजात शोधेन. तो तुम्हाला किती स्पष्ट ऐकू येतो, ते ऐकून इथे लिहा.