बफेलो, डिंगस डे: गाडीशिवाय आणि शाकाहारी. मदत हवी आहे

ईस्टरच्या शनिवारी न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोला पोहोचतोय, सोमवारी डिंगस डेची (ईस्टरनंतरच्या सोमवारचा पोलिश सण) मिरवणूक पाहून रात्री मुक्कामी. सोबत सत्तरीतले आईबाबा, गाडी नाही, हॉटेल डाउनटाउनला.

ब्रॉडवे मार्केट रविवारी बंद, म्हणून लोण्याचं कोकरू (ईस्टरसाठी कोकराच्या आकारात घडवलेलं लोणी) शनिवारीच घेणार. 1873 च्या सेंट स्टॅनिस्लॉस या पोलिश पॅरिशचं चर्च तिथून चालत. 4 नंबरची बस ब्रॉडवेवरूनच जाते, पण वेळापत्रकात सोमवारचं नेहमीचंच दिलंय. मिरवणुकीत रस्ते बंद असताना उबरही आत येणार नाही.

बटाटा-चीजचे पिएरोगी (सारण भरलेले पोलिश मोदकासारखे डंपलिंग) बरेचदा बेकनच्या चरबीत परततात, वर तुकडेही घालतात. आईबाबांना ते अजिबात चालणार नाही.

तर सोमवारी ही बस कुठून वळवतात, परतीला कुठे चढायचं? आणि नुसते उकडून, वेगळ्या भांड्यात लोणी घालून पिएरोगी कोण देतं?