घरगुती वॉटर कूलिंग: मोटारीचा हीटर कोअर की संगणकासाठी बनवलेला रेडिएटर?

तांबट
संगणकाला घरी वॉटर कूलिंग जोडायचं, म्हणजे चिपची उष्णता पाण्याने रेडिएटरपर्यंत नेऊन हवेत सोडायची म्हटलं की बहुतेकजण नव्या रेडिएटरच्या किमती बघून तिथेच थांबतात. माझं मत, रेडिएटरवर एवढा खर्च करायची गरज नाही. संगणकाचे खास रेडिएटर सहज मिळत नव्हते तेव्हा अमेरिकेतले हौशी लोक १९७७ च्या पॉन्टिॲक बॉनव्हिल मोटारीचा हीटर कोअर (गाडीत आतली हवा तापवणारा छोटा रेडिएटर) वापरायचे आणि काम चोख व्हायचं. आपल्याकडेही तांबे-पितळेचे जुने कोअर भंगारात आणि रेडिएटर दुरुस्तीवाल्यांकडे सापडतात. वाचलेले पैसे पंप आणि वॉटर ब्लॉकवर (चिपवर बसणारा, आतून पाणी वाहणारा ठोकळा) घाला.

निवडताना कोपरा पोलादी टोकाने खरवडून बघा. लालसर किंवा पिवळं दिसलं तर घ्या, पांढरं, म्हणजे ॲल्युमिनियम दिसलं तर घेऊ नका. कोअरच्या टोकाची टाकी प्लॅस्टिकची असेल आणि पत्र्याच्या कडा दुमडून बसवलेली असेल, तर आतला कोअर जवळपास नक्की ॲल्युमिनियमचा. दुकानदाराकडूनच हवा भरून पाण्यात बुडवून घ्या. बुडबुडा आला तर तिथल्या तिथे डाख लावून मिळतो.

घरी आणल्यावर कोअर आतून धुवा: लिटरभर गरम पाण्यात वीसेक ग्रॅम सायट्रिक ॲसिड, अर्धा तास, मधूनमधून हलवत. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने एकदा, आणि शेवटी डिस्टिल्ड वॉटरने, पाणी नितळ येईपर्यंत. ॲसिड रात्रभर ठेवू नका, डाख खाल्ला जातो.

बाराफिन
तांब्याबद्दल दुमत नाही, पण हीटर कोअरचा आकार आणि फिनची (उष्णता हवेला देणाऱ्या पातळ पत्र्यांची) दाटी ही मोटारीच्या ब्लोअरसाठी ठरवलेली असते. संगणकाचा १२० मिमीचा नेहमीचा पंखा साधारण २ ते २.५ मिमी पाण्याच्या स्तंभाइतका दाब देतो, तोही पूर्ण वेगाला. मिनिटाला हजार फेऱ्यांवर त्याचा चौथा-तिसरा हिस्सा उरतो. दाट फिन आणि जाड कोअर असला की हवा आत शिरण्याऐवजी कडेने परत फिरते. आवाज वाढतो, उष्णता बाहेर जात नाही.

म्हणून विकत घेताना आधी इंचामागे फिन किती ते बघावं. १० ते १२ असतील तर ८०० ते १२०० फेऱ्यांवर छान चालतं. १६ च्या पुढे गेलात की पंखे पळवावे लागतात. शिवाय आपल्याकडची धूळ! २० फिनच्या रेडिएटरवर काही महिन्यांत नमद्यासारखा थर बसतो, आणि तो पंख्याच्या बाजूला, म्हणजे पंखे काढल्याशिवाय दिसतही नाही.

जाडीचा मोहही टाळा. ६० मिमीचा रेडिएटर ३० मिमीच्या दुप्पट काम करत नाही, कारण मागच्या अर्ध्या भागाला आधीच तापलेली हवा मिळते. पैसे जाडीत नको, क्षेत्रफळात घाला.

तांबट
दाबाचा मुद्दा मान्य, पण उपाय सोपा आहे: पंखा आणि कोअर यांच्यामध्ये २० ते २५ मिमीची पेटी. पाच मिमीचा सनबोर्ड किंवा ॲक्रिलिक कापून चौकट करा आणि कडांना दाराला लावतात ती फोमची पट्टी चिकटवा. पंख्याच्या मधल्या मोटरसमोर हवा जवळपास वाहतच नाही. पेटीमुळे तिथल्या फिनलाही हवा मिळते आणि कडेची गळती थांबते.

हिरवं कूलंट
ॲल्युमिनियमला तुम्ही दोघांनी आधीच बाद केलंत, ते मला पटत नाही. बाजारातल्या बहुतेक बंद एआयओ (पंप, रेडिएटर सगळं तयार जोडून मिळणाऱ्या) कूलरमध्ये ॲल्युमिनियमचा रेडिएटर आणि चिपवर टेकणारी तांब्याची कोल्ड प्लेट असते, तरी ते वर्षानुवर्षं चालतात. मोटारीत तर ॲल्युमिनियमचं हेड, बिडाचा ब्लॉक, कुठे पितळ, सगळं एकाच पाण्यात. हे शक्य होतं ते गंजरोधकामुळे. चांगलं ग्लायकोल कूलंट सांगितलेल्या प्रमाणात घाला आणि वेळेवर बदला. भंगारात ॲल्युमिनियमचे कोअर तांब्याच्या कितीतरी पट मिळतात.

बाराफिन
मोटारीचा दाखला इथे लागू पडत नाही. इंजिनात पाण्याच्या वाटा काही मिलिमीटर रुंद असतात. सीपीयूच्या (प्रोसेसरच्या) ब्लॉकमधल्या चिरा मिलिमीटरच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढ्या. तांबं आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात आले की झिजतं ॲल्युमिनियम, आणि त्याचा पांढरा बुळबुळीत साका होतो. इंजिनात तो वाहून जाईल, ब्लॉकमध्ये मात्र चाळणीत अडकावा तसा अडकतो. लक्षण असं: पंप नीट फिरतोय, रेडिएटर कोमट, पण प्रोसेसर भार पडताच काही सेकंदांत ९० अंशांच्या पुढे.

एआयओ कारखान्यात भरून बंद केलेला असतो. आपला लूप (पाणी फिरण्याचा पूर्ण मार्ग) आपण वारंवार उघडतो, पाणी वाढवतो, प्रत्येक वेळी गंजरोधक पातळ होतं आणि नवा प्राणवायू आत जातो. ॲल्युमिनियम वापरायचंच असेल तर ब्लॉक आणि फिटिंगसकट सगळं ॲल्युमिनियमचं करा.

तांबट
यात मी बाराफिन यांच्या बाजूने. आणि अशा कूलंटमध्ये बहुधा असणारं इथिलीन ग्लायकोल विषारी आहे, चवीला गोड. घरात लहान मूल किंवा कुत्रं असेल तर सांडलेलं लगेच पुसा, उरलेली बाटली कुलपात.

विदर्भ४५
धातूवर इतकं बोललात, पण खोलीच्या तापमानाचं नाव कुणी काढलं नाही. रेडिएटर पाण्याला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, त्यामुळे हिशेब तिथूनच सुरू व्हायला हवा.

उदाहरण घ्या. रायझन ७ ७७००एक्स प्रोसेसर पूर्ण भारावर १४२ वॅटपर्यंत घेतो, आरटीएक्स ३०८० ग्राफिक्स कार्डाची (जीपीयू) मर्यादा ३२० वॅट. मिळून ४६० धरा. पातळ रेडिएटरचा १२० मिमीचा एक भाग, हजार-बाराशे फेऱ्यांवर, पाणी हवेपेक्षा १० अंश गरम असताना ढोबळमानाने ७५ वॅट बाहेर टाकतो. एकच ३६० (असे तीन भाग असलेला रेडिएटर) लावला तर पाणी हवेपेक्षा सुमारे २० अंश वर जाईल. मुंबईत एसीच्या २६ अंशांच्या खोलीत ते ४६, काही बिघडत नाही. नागपुरात मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत तेच ६०. वॉटर कूलिंगमध्ये नेहमी वापरतात त्या डी५ पंपाची मर्यादा ६० अंशांची, आणि त्याच्या आसपास पीईटीजी प्लॅस्टिकच्या कडक नळ्या फिटिंगपाशी नरम पडून निसटायला लागतात. दोन ३६० लावले तर पाणी ५० वर राहतं.

म्हणून एकच हीटर कोअर लावून विदर्भात दोन्ही चिप थंड ठेवायला निघणं मला धोक्याचं वाटतं. कोअर तांब्याचा असला तरी.

तांबट
मग दोन कोअर लावा. तरी नव्या दोन ३६० पेक्षा स्वस्तच. केसच्या बाहेर, टेबलाखाली पाटावर बसवले की जागेचाही प्रश्न नाही.

हिरवं कूलंट
आणि डेझर्ट कूलरच्या झोतात ठेवले तर? कूलरचाच १८ वॅटचा सबमर्सिबल पंपही वापरता येईल, डी५ च्या खर्चातून सुटका.

विदर्भ४५
झोतात ठेवायला हरकत नाही, कोरड्या उन्हाळ्यात बराच फरक पडतो. पण कूलरच्या टाकीतलं पाणी लूपमध्ये नको. बोअरच्या पाण्याचा क्षार आणि शेवाळ, दोन्ही ब्लॉकमध्ये बसतात. तो पंप फार तर दोन मीटर उंचीचा दाब देतो, डी५ त्याच्या जवळजवळ दुप्पट. शिवाय २३० व्होल्टची वायर पाण्यात, आणि तेच पाणी संगणकातून फिरणार. हे नकोच.

कोकणात कुणी बर्फ किंवा पेल्टिअर (वीज दिली की एका बाजूने थंड होणारी चकती) लावायचा विचार करत असेल तर पावसाळ्यात ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेला दवबिंदू २७ च्या आसपास असतो. पाणी त्याखाली गेलं की ब्लॉकवर थेंब.

बाराफिन
सगळा खर्च मोजा, मग हीटर कोअर स्वस्त राहतो का ते बघा. त्याच्या तोट्या बहुधा १६ किंवा १९ मिमीच्या नळीच्या, आपले ब्लॉक जी¼ (पाव इंची, सरळ) आट्यांचे. मग रिड्यूसर, होज क्लिप, दोन मापांच्या नळ्या. हार्डवेअरमधला पाव इंची पितळी निपल बऱ्याचदा निमुळत्या आट्यांचा असतो. तो ॲक्रिलिकच्या ब्लॉकमध्ये आवळला की तडा जातो, कधी त्याच दिवशी, कधी महिन्याने. सरळ आटे, ओ-रिंग आणि हाताने आवळणं एवढंच हवं. टेफ्लॉन टेप नको.

नळीसाठी ईपीडीएम रबर घ्या. पारदर्शक पीव्हीसी स्वस्त, पण तिच्यातलं प्लॅस्टिसायझर (नळी मऊ ठेवणारं द्रव्य) सुटून ब्लॉकमध्ये चिकट थर बसतो.

तांबट
फिटिंगचं बरोबर. नवा रेडिएटर घेणाऱ्यांनीही एक बघावं: २५ मिमी पंख्याला ३० मिमी स्क्रू पुरतो. ३५ मिमीचा घातला आणि खाली संरक्षक पट्टी नसली, तर तो सरळ रेडिएटरच्या पाण्याच्या नळीत घुसतो. नवा रेडिएटरही धुवून घ्या, आत डाखकामातला फ्लक्स राहिलेला असतो.

हिरवं कूलंट
दोन कोअर जोडताना क्रम कसा? आधी सीपीयू, मग कोअर, मग जीपीयू?

बाराफिन
नळी सगळ्यात कमी वळेल तो क्रम. मिनिटाला साडेतीन लिटर प्रवाह असेल तर ४६० वॅटनेही पाण्याचं तापमान एका फेरीत २ अंशांपेक्षा कमी चढतं. प्रवाह लिटरवर आला तर मात्र साडेसहा अंश, तेव्हा क्रम जाणवतो. एक नियम पक्का: लूपमध्ये पाणी भरायची टाकी पंपाच्या वर. कोरडा पंप मिनिटांत बेअरिंग खातो.

विदर्भ४५
पाणी भरण्याआधी हवेने तपासा: मीटरवाला हातपंप, ०.५ बार, वीस मिनिटं काटा हलता कामा नये. मग पाणी, आणि फक्त पंपाला वीज. २४ पिनचा कनेक्टर मदरबोर्डवरून काढून त्याची सोळावी पिन कोणत्याही ग्राउंडला जोडली की पीएसयू (संगणकाला वीज देणारा डबा) चालू होतो. प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपर. जुना कोअर असेल तर हे रात्रभर चालू ठेवा, कारण डाखातली बारीक गळती पाणी कोमट झाल्यावरच दिसते. आणि सगळ्यात खालच्या जागी टी आणि बॉल व्हॉल्व्ह आत्ताच बसवा. नंतर पाणी काढायचं म्हटलं तर पूर्ण लूप मोडावा लागतो.