पोकर: स्मॉल ब्लाइंडवरून थ्री-बेट (पहिल्या वाढीवर पुन्हा वाढ): ८ की १२?

इस्पिकराणी: "बटणने २.५ ला उघडलं तर स्मॉल ब्लाइंडवरून ८ पुरे, जास्त केलं की फक्त एक्के-राजेच आत येतात." कालचं हे वाक्य वाचून राहवलं नाही. सगळे आकडे बिग ब्लाइंडमध्ये: पत्त्यांआधी सक्तीने बिग ब्लाइंड १ आणि स्मॉल ब्लाइंड ०.५ लावतो, बटण फ्लॉपपासून सगळ्यात शेवटी बोलतो. १०० ब्लाइंडचा स्टॅक (समोरची रक्कम) धरा. ८ केले की बटणला ५.५ घालायचे, मध्ये पडलेत ११.५. म्हणजे ३२ टक्के वेळा जिंकला तरी त्याला कॉल (तेवढेच घालून खेळणं) परवडतो. नव्वी-अठ्ठी सुटेड (दोन्ही एकाच चिन्हाचे), लहान जोड्या, सगळं आत येतं आणि फ्लॉप (टेबलावरचे पहिले तीन सामाईक पत्ते), टर्न (चौथा), रिव्हर (पाचवा) तिन्ही वेळा आधी बोलायचं तुम्हाला. १२ केले तर त्याला ३८ टक्के लागतात. पोझिशन (शेवटी बोलायची सोय) नसेल तर किंमत वाढवायलाच हवी.

बटणबहाद्दर: ते वाक्य माझं. तुम्ही अर्धंच गणित मांडलंत. १२ करताना ११.५ लावून ४ मिळवायचे. ७४ टक्के वेळा समोरून फोल्ड (पत्ते टाकणं) हवा. ८ ला ६५ पुरतात. आजकाल बटण एवढं सोडत नाही. त्यापेक्षा राजा-राणी सुटेड सरळ कॉल करा.

किलवरदश्शी: स्मॉल ब्लाइंडवरून कॉल? मागे बिग ब्लाइंड स्क्वीझ करायला (दोघांवर मोठी वाढ करून दाबायला) बसलाय! आणि रेक (टेबल चालवणाऱ्याचा पॉटमधला वाटा) कोण धरणार? २ घालून झालेल्या ६ च्या पॉटमधून ५ टक्के म्हणजे ०.३ गेले. ३३ टक्क्यांचा कॉल ३५ वर जातो. फ्लॉपआधी हात संपला तर बहुतेक टेबलांवर रेक कापतच नाहीत.

बटणबहाद्दर: प्रत्येक धाग्यात तेच रेकचं तुणतुणं. रेकला कॅप (कमाल मर्यादा) असते. टूर्नामेंटमध्ये तर हातामागे रेकच नाही, वर बिग ब्लाइंडने भरलेल्या अँटीचा (सक्तीच्या जादा रकमेचा) १ पडलेला. तोच कॉल २९ टक्क्यांवर येतो.

किलवरदश्शी: टूर्नामेंट मध्येच कुठून आणलीत? विषय कॅशचा (थेट पैशांच्या टेबलाचा) आहे. लहान टेबलावर कॅपला पोचणारे पॉट असतात किती? ०.३ प्रत्येक हाताला कापला जातो आणि तुम्ही त्याला तुणतुणं म्हणता!

इस्पिकराणी: रेकवर भांडून झालं असेल तर हाताकडे बघा. ७४ टक्के हवेत ते कॉल झाल्यावर तुमच्या पत्त्यांना शून्य किंमत असेल तर. राजा-राणी सुटेडची किंमत शून्य नसते, म्हणून तर स्मॉल ब्लाइंडवर वरचे हात सलग थ्री-बेट करायचे, कचरा नाही. आता एक्का-गुलाम ऑफसूट (वेगवेगळ्या चिन्हांचे) घ्या. फ्लॉप: बदाम गुलाम, बदाम अठ्ठी, चौकट सत्ती. ८ केले असते तर पॉट १७, मागे स्टॅकमध्ये ९२. तीन वेळा बेट लावावी लागते आणि प्रत्येक पत्त्याला धास्ती. १२ केले तर पॉट २५, मागे ८८. फ्लॉपवर १५ लावले, कॉल आला, पॉट ५५, मागे ७३. टर्नला सगळं आत. ड्रॉला (अजून पुऱ्या न झालेल्या हाताला) स्वस्तात रिव्हर बघायला मिळत नाही.

बटणबहाद्दर: बरं, १०० ब्लाइंडच्या कॅशला ११-१२ मानतो. पण २०० खोल असाल तर १२ ने पॉटच्या साडेसातपट मागे उरतात. तिथे १३-१४ करा आणि हाच एक्का-गुलाम ऑफसूट टाकून द्या. बिग ब्लाइंडवरचा कॉल मात्र मी सोडणार नाही: १.५ घालून ४, २७ टक्के, मागे बोलायला कोणी नाही.

किलवरदश्शी: तो कॉल बरोबरच आहे. फक्त २७ नाही, रेक धरून २९.