आई-बाबा आणि पोरं घेऊन तामिळनाडू: सल्ले द्या, किस्से पण चालतील

चहाबाज_सूनबाई: नमस्कार मंडळी, दिवाळीच्या सुट्टीत तामिळनाडू करायचं डोक्यात आहे. मी, नवरा, सासूसासरे आणि दोन कार्टी (एक चौथीत, एक बालवाडीत). मदुराई, रामेश्वर, तंजावर, कन्याकुमारी आणि जमलं तर उटी, सगळं आठवड्यात बसवायचंय. टूरवाल्यांची पत्रकं वाचून झाली, सगळीकडे तेच ते. तुम्ही प्रत्यक्ष गेलेले लोक सांगा ना, काय खाल्लंत, कुठे फजिती झाली, म्हातारी माणसं कुठे वैतागली. आमच्या सासऱ्यांना दोन वेळा चहा आणि रात्री पोळी लागते हे आधीच सांगून ठेवते.

गावभर_भोवरा: आठवड्यात उटी आणि कन्याकुमारी दोन्ही?? मुक्काम गाडीतच करणार का 😀 उटी काढा आधी. आणि दिवाळीचं खरंच बघा हां, आपला पाऊस संपतो तेव्हा त्यांचा सुरू होतो, ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस असतो तिकडे. पोरांची शाळा बुडवायची तयारी असेल तर जानेवारीचा शेवट उत्तम. डिसेंबरपासून मकरसंक्रांतीपर्यंत शबरीमलाला जाणारे काळ्या कपड्यातले अय्यप्पा भक्त मदुराई-रामेश्वरलाही भरपूर असतात, त्यात पोंगलची सुट्टी, रूम मिळता मिळत नाही.

वरणभात_प्रेमी: आम्ही फेब्रुवारीत गेलो होतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिकडे देवळं दुपारी साडेबाराच्या आसपास बंद होतात ती चारलाच उघडतात, हे माहीत नसलं की माणूस उन्हात दारात बसून राहतो. सकाळी लवकर देऊळ, मग जेवण, मग सरळ ताणून द्यायची, संध्याकाळी परत देऊळ. आमच्या बाबांना हे टाइमटेबल इतकं आवडलं की घरी आल्यावरही दुपारी चारपर्यंत कोणी बेल वाजवायची नाही असा फतवा निघाला.

मीनाक्षी मंदिरात मोबाईल आत नेता येत नाही, बाहेर जमा करावा लागतो. बर्म्युडा घालून पण सोडत नाहीत. आमचा मेव्हणा "देवाला काय फरक पडतो" म्हणत तसाच आला आणि दारातच अडवला. बाहेरच्या दुकानात वेष्टी (तिकडची धोतरासारखी लुंगी) घेतली तर ती निघाली वेल्क्रोवाली, वर मोबाईलचा खिसा पण! पट्टा चर्रकन ओढायचा आणि चिकटवायचा. गडी एवढा खूश झाला की आता गणपतीत तीच नेसतो, आरती चालू असताना मधूनच चर्र आवाज येतो आणि पोरं फिदीफिदी हसतात.

चहाबाज_सूनबाई: 😂😂 वेल्क्रोवाली सासऱ्यांसाठी घेणारच. चहाचं काय पण?

वरणभात_प्रेमी: चहा मिळतो हो, पण कॉफी असताना चहा कशाला? डबरा-टंबलरमध्ये (पेला आणि खोलगट वाटी) फेसाळ फिल्टर कॉफी येते, बाबा दुसऱ्या दिवसापासून तीच मागायला लागले. पोळीचं मात्र विसरा, रात्री परोटा मिळेल पण तो मैद्याचा. केळीच्या पानावरचं जेवण चुकवू नका. वाढपी इतक्या वेगात येतो की आईने "पुरे पुरे" म्हणत पानावर हात आडवा धरला तरी बोटांच्या फटीतून सांबार पोचलंच. त्यानंतर रसम, त्यानंतर दहीभात. आई म्हणे, आपल्या लग्नातले वाढपी इकडे ट्रेनिंगला पाठवा.

जुनी_पायताणं: रामेश्वरला देवळातल्या बावीस तीर्थांची आंघोळ करणार असाल तर जादा कपडे आणि टॉवेल सोबत ठेवा. एकेका विहिरीवर माणूस बादलीने पाणी उपसून डोक्यावर ओततो आणि आपण निथळत पुढच्या विहिरीकडे. ओल्या कपड्यांनी गाभाऱ्यापाशी सोडत नाहीत, बदलावे लागतात. पोरांना हा प्रकार वॉटरपार्कपेक्षा जास्त आवडतो, आमची तर परत पहिल्यापासून करूया म्हणून रडत होती.

जाताना रामेश्वर बेटाला जोडणारा समुद्रावरचा पांबनचा पूल रेल्वेने करा. 1914 चा जुना पूल बंद झाला, एप्रिल 2025 पासून नवीन चालू आहे, जहाज आलं की मधला गाळा लिफ्टसारखा सरळ वर जातो. रामेश्वरच्या पुढे बेटाच्या टोकाला धनुष्कोडी आहे, तिथे उजेड असतानाच जा, 1964 च्या वादळात गाव गेलं ते गेलंच, चर्चच्या भिंती तेवढ्या उभ्या आहेत.

मोडी_वाचक: कन्याकुमारी पण काढा आणि तंजावरला दोन रात्री राहा, असं माझं ठाम मत. तिथलं बृहदीश्वराचं देऊळ राजराज चोळाने 1010 च्या सुमारास पूर्ण केलं, पण मराठी माणसाची गंमत पुढे आहे. आवाराच्या नैऋत्य बाजूला भिंतीवर तंजावरच्या भोसले घराण्यातल्या सरफोजीराजांनी 1803 मध्ये भोसल्यांचा अख्खा इतिहास कोरून घेतलाय, देवनागरीत, मराठीत! सगळीकडे तमिळ पाट्या बघून कंटाळलेली आमची लेक तिथे बोट ठेवून मोठ्यांदा वाचायला लागली, तर शेजारचे एक आजोबा मराठीतच बोलायला लागले. तंजावरचेच, घरी पिढ्यानपिढ्या मराठी. हेल असा की निम्मं कळलं, पण आमच्या हिने त्यांच्याकडून डाळीची रेसिपी काढलीच. आणि हो, पायमोजे घ्या, दगडी फरशी अकरानंतर अशी तापते की भले भले नाचतात.

चहाबाज_सूनबाई: बाप रे, नवऱ्याला वाचून दाखवलं. उटी, कन्याकुमारी कट. शाळेत विचारून जानेवारी शेवट बघते. @मोडी_वाचक, ती डाळीची रेसिपी टाका ना इथे.

मोडी_वाचक: हिला विचारून टाकतो. चिंच किती ते आजोबांनी हाताने दाखवलं होतं, त्यावर आमच्या घरात अजून वाद आहे.