मदत हवी आहे : व्हीलचेअरवरून पुणे दाखवतेय, पुढे कसं जाऊ?

नमस्कार मंडळी. मी कर्वेनगरला राहते, सात वर्षं व्हीलचेअर वापरते. गेल्या दिवाळीपासून यूट्यूबवर व्हिडिओ टाकतेय : मेट्रो स्टेशनची लिफ्ट रस्त्यापासून किती लांब, कुठल्या नाट्यगृहात पायऱ्या टाळून आत जाता येतं, फूटपाथवर खांब कुठे आडवे येतात. हळूहळू बघणारेच एकमेकांशी बोलायला लागले. हडपसरची एक मुलगी व्हिडिओ बघून चार वर्षांनी पहिल्यांदा एकटी बाहेर पडली. तिचा मेसेज वाचून मला रडूच आलं.

आता अडचण. कर्णबधिर प्रेक्षक मराठी सबटायटल मागतात, आणि त्यांचं बरोबरच आहे. दहा मिनिटांचा मजकूर टाइप करून वेळ जुळवण्यात माझा अख्खा दिवस जातो, हात दुखतात. कुणाकडे सोपी पद्धत आहे का?

दुसरं जास्त महत्त्वाचं. माझा अंध मित्र आवाजाचं संकलन शिकतोय. तो एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम) वापरतो. आवाज संकलनाचं रीपर हे सॉफ्टवेअर, त्याला ओसारा हे जोड-सॉफ्टवेअर लावलं की, स्क्रीन रीडरवर नीट चालतं, पण मराठीत शेजारी बसून शिकवणारं कुणी मिळत नाही. त्याला यातूनच काम मिळवायचंय. दोन-तीन रविवार कुणी देईल का? जागा तळमजल्यावर हवी, नाहीतर लिफ्ट तरी.

यूट्यूबवर जाहिरातींच्या उत्पन्नासाठी १००० सदस्य आणि १२ महिन्यांत व्हिडिओ एकूण ४००० तास बघितले जाणं लागतं. आम्ही ६४० वर आहोत. पैसे आले तर दोघांत निम्मे, हे आधीच ठरलंय.