‘वसले’ की ‘वसवले’? आणि हा ‘बारसा’ कोणता?

प्रश्न : नाग नदीकाठच्या माहितीफलकासाठी वाक्य केलंय : ‘नागपूर १७०२ मध्ये स्थापन झाले. पूर्वी येथे राजापूर बारसा हे गाव होते.’ चालेल का? बारसाचा बारशाशी काही संबंध?

उत्तर : नाही चालणार. राजापूर बारसा हे एक गाव नव्हे, बारा वस्त्यांच्या झुबक्याचं ते नाव. जुन्या लेखनात ‘बारस्ता’ही दिसतं. पोराचं बारसं बाराव्या दिवसावरून आलं. नातं असलंच तर ‘बारा’ या आकड्यापुरतं.

आता क्रियापद. स्थापना घटाची, गणपतीची, मंडळाची. गाव वसतं किंवा कुणी वसवतं. ‘वसणे’ अकर्मक : पाणी बघून चार घरं आली, राहिली. ‘वसवणे’ला वसवणारा लागतो, आणि इथं तो आहे : देवगडचा (कोकणातलं नव्हे, छिंदवाड्याकडचं) गोंड राजा बख्त बुलंद शाह. त्याने वस्त्या जोडल्या, बाहेरून शेतकरी-कारागीर आणून बसवले. नुसतं ‘वसले’ लिहिलं की राजा वाक्यातून गायब. फलकांवर नेमकं हेच होतं.

दुसरे उत्तर : ‘नागपूर हे नाव त्यानेच दिले’ असं मात्र जोडू नका. देवळीच्या राष्ट्रकूट ताम्रपटात, शके ८६२ (इ.स. ९४०), ‘नागपुर-नन्दिवर्धन’ विषयाचा उल्लेख आहे. विषय म्हणजे तेव्हाचा जिल्हा. नन्दिवर्धन म्हणजे रामटेकजवळचं नगरधन. नाव शहराहून साडेसातशे वर्षं जुनं.

प्रश्नकर्ता : मग राजधानी?

उत्तर : ती पुढे बख्त बुलंदचा वारस चांद सुलतान याने देवगडहून इथं आणली. परकोट, म्हणजे शहराभोवतीचा तट, तोही त्याचाच. त्या परकोटाचा जुम्मा दरवाजा आज गांधी दरवाजा. तलावाचंही तसंच : जुम्मा तलाव, त्याचा शब्दशः अनुवाद शुक्रवारी तलाव, मग गांधीसागर. जुम्मा म्हणजे शुक्रवार, एवढं माहीत नसलं की लोक दोन तलाव शोधत फिरतात.

तिसरे उत्तर : फलक रंगवायच्या आधी ऱ्हस्व-दीर्घ तपासा. ग्रामनामातला ‘पूर’ दीर्घ : नागपूर, राजापूर. प्रत्यय लागला की ऱ्हस्व : नागपुरात, नागपुरी. ‘नागपूरात’ चूक. वाक्य असं करा : ‘नाग नदीकाठच्या राजापूर बारसा या बारा वस्त्या जोडून गोंड राजा बख्त बुलंद शाह याने १७०२ च्या सुमारास नागपूर वसवले.’ ‘सुमारास’ काढू नका, १७०३ ही सांगितलं जातं.