प्रति: क्षमा म्हणजे गुन्हेगाराला मोकळं सोडणं का?

वर कुणीतरी म्हटलंय की ख्रिस्ती क्षमा म्हणजे गुन्हेगाराला रान मोकळं. मला हे पटत नाही. सिस्टर राणी मारिया यांचंच उदाहरण घ्या. केरळच्या पुल्लुवळी गावच्या या कॅथलिक धर्मभगिनीने (ननने) मध्य प्रदेशातल्या उदयनगर भागात आदिवासींना सावकारांच्या कर्जातून सोडवायचं काम केलं. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी समंदर सिंग नावाच्या माणसाने त्यांना बसमधून खाली ओढलं आणि पन्नासहून अधिक वार करून मारलं. त्याला चिथावणारे पडद्यामागेच राहिले, हे मला आजही खटकतं.

त्याला जन्मठेप झाली. बायको सोडून गेली, तो सूडाच्या विचारांनी पेटलेला. अशा माणसाला तुरुंगात जाऊन राखी बांधली कुणी, तर राणी मारियांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल हिने, २००२ साली. स्वामी सदानंद नावाचे धर्मगुरू त्याला आधीपासून भेटत होते. पुढे कुटुंबानेच सुटकेसाठी अर्ज केला आणि २००६ मध्ये तो बाहेर आला. म्हणजे अकरा वर्षं तुरुंगात काढूनच! नंतर तो पुल्लुवळीला गेला, तेव्हा राणी मारियांच्या आईने त्याचे हात चुंबले. माझ्या लेकीचं रक्त या हातांवर आहे, असं त्या म्हणाल्या. एवढं मला जमेल असं वाटत नाही, पण ते घडलंय. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदूरमध्ये राणी मारियांना चर्चने ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं, तेव्हा समंदर सिंगही तिथे हजर होता.